परिशिष्ट ब

तिसऱ्यांदा विकलं जातंय चॅनल
आणि तिसऱ्यांदा यादी मीच करतोय.

पहिल्या वेळी अमीनभाईंनी
दांडिया बाजारच्या गच्चीवरची छत्री,
साडेचार हजार घरांत शिरलेली काळी वायर
आणि आम्ही सात जण
असं सगळं एका संगमरवरवाल्याला दिलं.
सौदा झाला खंडेराव मार्केटबाहेर, गाडीच्या बॉनेटवर.
कागद उडू नये म्हणून वर एक सीताफळ.
साक्षीदाराची सही माझी.
वांधा नाही, म्हणालो.
बडोद्यात जन्मलेला माणूस आधी वांधा नाही म्हणतो,
मग घरी जाऊन विचार करतो.

संगमरवरवाल्यानं बातम्यांच्या टेबलाला गुलाबी दगड लावला.
इतका जड, की टेबल तिथंच राहायचं,
आम्ही कॅमेरा सरकवायचो.
दोन नवरात्री जाहिरातींची उधारी थकली
आणि टेबलासकट आम्ही गेलो
क्लास काढणाऱ्या दोघा भावांकडे.
त्यांनी दिवसभर दहावीचं गणित लावलं.
कुमुदताई खानविलकरांच्या मराठी बातम्या, वीस मिनिटं,
संध्याकाळी सातवरून सकाळी अकराला आल्या,
अकरावरून सहा दहाला,
मग फक्त रविवारी,
मग तांत्रिक कारणास्तव.

आता अहमदाबादची कंपनी.
त्यांची वकील मुलगी, रुजुता व्होरा,
मला अंकल म्हणते आणि चहा अर्धा टाकते.
परिशिष्ट अ : यंत्रं.
परिशिष्ट ब : टेपा आणि चित्रीकरण.
परिशिष्ट क : माणसं.
क मी उलटा धरून वाचला, तिच्या बाजूनं.
अकरा नावं. माने नाही.
म्हणून ब जरा जास्तच मन लावून करतोय.

टेप दोनशे बारा.
लेबलवर लेबल, त्यावर आणखी एक.
नव्या टेपेला पैसे कुणीच द्यायचं नाही,
प्रत्येक मालकानं आपलं उद्घाटन
आधीच्याच्या उद्घाटनावर घेतलेलं.
लावून बघितली.
क्लासवाले भाऊ नारळ फोडतात, पहिल्या फटक्यात फुटत नाही.
एकोणीस मिनिटं. मग खरखर, निळा पडदा,
आणि मधूनच संगमरवरवाला, हातात कात्री :
'आ चॅनल कायम तमारी ज...'
पुन्हा खरखर.
आणि कुमुदताई.
लाकडी टेबल. हिरवी साडी, पदराला पिन,
कपाळावर पुराच्या रात्रीचा घाम :
'विश्वामित्रीची पातळी वाढत आहे.
काळा घोडा पुलावरची वाहतूक बंद.
वस्तीत मगर दिसल्यास नागरिकांनी'

टेप संपली.

रुजुतानं विचारलं, यह क्या है?
बातम्या, म्हटलं. जुन्या.
तिनं करार उघडून दाखवला, कलम चौदा :
सदर चित्रीकरणाचे सर्व हक्क,
आज अस्तित्वात असलेल्या
व पुढे शोध लागेल अशा प्रत्येक माध्यमात,
संपूर्ण विश्वात.
विश्वात? मी विचारलं.
सगळे असंच लिहितात, अंकल.

जिन्यात येऊन ताईंना फोन लावला.
वारसियाला असतात, डबे करतात, मागे कुकरची शिट्टी.
म्हटलं, ताई, तुम्ही विकल्या गेलात. विश्वभर.
'किती आले?'
तुम्हाला काही नाही.
'मग मेलबर्नला सुनेला दिसेन का रे?'
दिसाल, म्हटलं. तिथं आणि मंगळावर.
हसल्या. खूप दिवसांनी ऐकलं ते हसू,
बातम्यांत कधी हसू द्यायचे नाहीत.
मग विचारलं,
ताई, मगर दिसल्यास नागरिकांनी काय करायचं होतं?
त्या गप्प.
कुकर वाजला, एक, दोन.
'आठवत नाही, माने. कागद तूच लिहिला होतास.'

वर आलो. तिचा चहा तसाच.
दोनशे बाराच्या पुढच्या रकान्यात लिहिलं :
उद्घाटन समारंभ.
मग खोडून : पूर.
मग तेही खोडलं.
तो रकाना रिकामा सोडून
दोनशे तेरा घेतली.