दोनशे मीटर

डायलवर बारीक अक्षरांत लिहिलंय : दोनशे मीटर.
कोल्हापुरात एवढं खोल काही नाही.
रंकाळा नाही, कोटीतीर्थ नाही,
पंचगंगा तर आम्ही फुटांत मोजतो,
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.

तरी घेतलं.
व्हीनस कॉर्नरच्या मागं इलाही मोमीनच्या खोपटात,
पट्टा नव्हता, पाचाच्या आकड्यावर काचेला चरा.
म्हणाला, रत्नागिरीच्या कुणा खलाशाचं आहे.
असेल, नसेल.
मी नख लावून वरचं कडं फिरवलं.
एकशे वीस टिचक्या, एकाच दिशेनं.
उलटं जातच नाही.
तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलीत,
खोटे आटे बोटाला लगेच कळतात.
ह्याच्या चावीचे आटे सुटताना जाणवतसुद्धा नाहीत,
आणि बसताना शेवटच्या पाव फेऱ्यात
आतलं रबर दबतं,
पिकल्या आंब्याला अंगठा लावावा तेवढंच.

घरात एक्केचाळीस घड्याळं आहेत.
बिस्किटांच्या डब्यांत, कापसात.
एक तर हलवलं की सात मिनिटं चालतं आणि पुन्हा झोपतं.
शैलजा म्हणते, एवढी घड्याळं,
आणि जेवायला रोज उशीर.

हे मात्र डब्यात गेलं नाही.
लग्नात शर्टाची बाही ह्याच्यावर बसत नाही.
कड्याचा निळा विटत विटत
शाळेच्या जुन्या गणवेशासारखा झालाय.
ह्याच कड्यावर मी साचा निवायची मिनिटं मोजली,
सीपीआरला वडलांच्या सलाईनची बाटली मोजली,
आणि नुसतंच,
चहा उतू जायला किती लागतात तेही.
पाणबुड्या म्हणे ह्याच्यावर
उरलेली हवा मोजतो.

त्या ऑगस्टात पाणी आमच्या जिन्याशी आलं.
लाईट दुपारीच गेलेली, मोबाईल मेलेले.
गल्लीतनं एकदा बोटीची बॅटरी फिरून गेली
आणि नंतर काहीच नाही.
मी वरच्या पायरीवर बसलो.
पहिली पायरी बुडाली तेव्हा
कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्याशी आणला.
दुसरी, अठ्ठावीस मिनिटं.
पुन्हा त्रिकोण.
तिसरी, एकतीस.
रेडियमचे हिरवे ठिपके,
आणि सेकंदकाट्याच्या टोकाचा एक ठिपका, तेवढाच फिरणारा.
शैलजा मागनं विचारायची, किती?
मी आकडा सांगायचो.
चौथी, एक्कावन्न.
पाचवीला काटा अख्खा फेरा मारून
त्रिकोणावर आला, पुढं गेला,
पाणी पायरीची कड चाटत राहिलं,
चढलं नाही.
मागनं कुणी किती विचारेना.
बघितलं तर भिंतीला टेकून ती घोरत होती.

सकाळी उतरलो. कमरेएवढं पाणी.
चाचपडताना हात कोपरापर्यंत आत गेला.
तीन फूट.
दोनशे मीटरच्या घड्याळाला.

पंधरा दिवसांनी इलाहीनं मागचं झाकण खोललं.
त्याच्या भिंतीवर चिखलाची रेघ,
गिऱ्हाइकांची मशिनं वर्तमानपत्रावर वाळत घातलेली,
पापडासारखी.
डोळ्याला भिंग लावून तो बराच वेळ बघत बसला.
"आत थेंब नाही, लगा."
आणि स्वतःच्या भिंतीकडं बघून हसला.
रबर नवीन घातलं. पैसे घेतले नाहीत.

म्हणाला, दिवसाला अकरा सेकंद पुढं पळतंय,
आणून देऊ का जागेवर?
नको म्हटलं.
चराही राहू दे.