खालचा ओरखडा

सावद्याला बँकेसमोर लावलेली गाडी,
दारावर पांढरी रेघ, हातभर.
सायकल धरून एक जण उभा,
कॅरिअरला तेलाचे रिकामे डबे.
"ब्रेक लागला नाही, भाऊ. म्हणून थांबलो."
मेहरबान तडवी, राहणार पाल.

गॅरेजवाल्यानं दारावरून बोट फिरवलं,
कागदावर लिहिलं : अठ्ठावीसशे.

दर बाजाराला दोनशे.
चौदा बाजार.
एकदा पिशवीत भरताची वांगी,
"ही हिशोबात धरू नका."

आज शेवटची नोट.
'पूर्ण मिळाले' लिहिताना
पेन दोनदा झटकतो मी.
रेघेखालचा पोचा माझ्याच फाटकाचा,
दिवाळीतला.
बोट त्यावरूनही फिरलं होतं,
मी तेव्हा फोन बघत होतो.

तो वाकून दाराला हात लावतो.

"अजून रंगवली नाही?"