सावळजची शेड

अकरा थरांच्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत असतात
तेव्हा खालून मुंग्या येतात, वरून गांधीलमाश्या.
मालकांच्या वहीत दोघींचा हिशेब एकाच रकान्यात: तूट.

पण दोघींत फरक आहे बरं.

मुंगीची वाट वासाची.
एकदा गंमत म्हणून मी मधोमध ओलं फडकं फिरवलं,
तर दोन्हीकडच्या रांगा थबकल्या
आणि लाईट गेल्यावर आपण भिंत चाचपतो
तशा मिशा हलवत राहिल्या.
त्यांची राणी मला कधी दिसली नाही.
एकदाच काय ती उडाली, मग पंख टाकून
जमिनीत शिरली ती शिरलीच.
ती मेली तरी घर लगेच मरत नाही म्हणे.
कामं चालू राहतात, साखर येत राहते,
फक्त खायला नवं कुणी जन्मत नाही.

गांधीलमाश्यांचं घर पत्र्याखालच्या अँगलला,
एका देठावर टांगलेलं, चारी बाजूंनी उघडं.
आमच्याच दाराची चौकट कुरतडून
लाळेत मळून केलेला करडा कागद.
राणी कोणती ते सांगता येत नाही:
पंख सगळ्यांना, कंबर सगळ्यांची तेवढीच बारीक,
आणि जी सगळ्यात गप्प, तीच.

गंधकाची धुरी दिली त्या दिवशी ती मेली असावी.
मला कळलं ते नंतरच्या दंग्यावरून.
कालपर्यंतची साधी कामकरीण
एकेकीच्या अंगावर धावायला लागली, चावायला लागली.
आठवडाभर तेच.
मग निवली. खोल्यांत डोकावत अंडी घालत बसली.

त्याच आठवड्यात आमच्या मुकादमीण, गोदूबाई,
गुडघ्यांपायी लेकीकडं जतला गेल्या.
आणि बारा वर्षं खाली मान घालून काड्या वेचणारी मेहरुन्निसा
एकदम कडाडली,
"पिवळ्यात काळा मणी कुणी टाकला गं?"
आम्ही चिडलो. दोघी तर दोन दिवस कामावरच आल्या नाहीत.
आता ती पुन्हा हळू बोलते
आणि सगळ्या ऐकतो.

इतकी वर्षं मी आम्हाला मुंग्याच समजत होते.

आज डबा खाताना वर बघितलं.
एक गांधीलमाशी चौकटीवर बसून लाकूड खरवडत होती.
कान दिला तर आवाजसुद्धा येतो, कुरुकुरु.
फडकं हाताशीच होतं.
उचललं नाही.
चौकट मालकांची आहे.