पाऊणपट

नागपूरचं विमान मी खाली धरून ठेवलंय.
दारं लागलेली, पट्टे बांधलेले, इंजिनं गार.
तिथल्या टॉवरमार्फत कॅप्टन बोरठाकूर विचारतोय,
इथे तर आभाळ लख्ख आहे,
मग थांबायचं कुणासाठी?

इथल्यासाठी.
उलव्यावर धुरकं बसलंय.
दोन विमानांमधलं अंतर वाढवलंय आम्ही,
तासाच्या मापात मावतील तेवढीच उतरणार.
उरलेली कुठेतरी थांबणारच,
वर घिरट्या घालत, इंधन जाळत,
नाहीतर खाली, तुझ्यासारखी, चिडून.
खालचं थांबणं स्वस्त.

बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं.
त्यांचा मचवा होता, रेतीचा.
भरल्या मचव्याने खाडीत शिरायचं तर आधी तिथी बघायची,
तिची पाऊणपट करायची:
पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात.
तोवर मुखाशी नांगर.
चांगो कडूने एकदा घाई केली
आणि पुढच्या भरतीपर्यंत गाळात कलंडून बसला.
मागे पाच मचवे, पाच तांडेल,
आणि शिव्या मात्र एकट्या चांगोला.

माझ्या पडद्यावर पाच-पाच अक्षरांची नावं आहेत,
उच्चारायला सोपी, अर्थ नसलेली.
त्यांच्यावरून वाटा जातात.
बाबांच्या वाटेवर म्हातारीचा खडप होता,
घोडमुख होतं, दोन बहिणींची खांड होती.
एकदा ड्युटी नसताना मी नकाशावर नकाशा ठेवून बघितला.
दोघी बहिणी धावपट्टीच्या पूर्व टोकाखाली आहेत.
घरी सांगितलं नाही.

सव्वाअकराला ब्रेक. जिन्यात फोन वाजतो.
नव्या सेक्टरातल्या भाड्याच्या गच्चीवरून
बाबा दिवे मोजत असतात.
"तिसरा दिवा कवापासून गोल फिरतंय गो,
त्याला इसरलीस काय?"

नाही विसरले. कोचीचं आहे ते.
दुपारी कोइम्बतूरला एका चाकापायी अडकलं,
तो उशीर कोचीला गेला, कोचीहून इथे आला,
इथून पहाटे जयपूरला जाईल,
तिथे लग्नाला निघालेलं कुणीतरी
आमच्या नावाने बोटं मोडेल.

"मंग पाणी कवा?"

पाणी म्हणजे जागा, एवढं मला कळतं.
सात मिनिटं, मी म्हटलं.
त्यांनी फोन ठेवला नाही.
आमच्या भूखंडाचा नंबर लागायचाय अजून.
ती भरती कुठल्या तिथीची,
त्याची पाऊणपट बाबांनाही येत नाही,
आणि मला तर ते विचारतही नाहीत.
सात मिनिटं दोघं नुसते श्वास ऐकत राहिलो,
त्यांचा जरा घरघरता.

"उतरला," ते म्हणाले. फोन बंद.

मी वर आले, खुर्ची ओढली,
नागपूरला वेळ दिली: बारा बावन्न.
कॅप्टनने आभार मानले नाहीत.
मानत नाहीत.