नाशवंत

ऐरोली, सेक्टर पाच, दुसरा मजला.
पर्यटन पदविका, पहिलं सत्र,
विषय : व्यवसाय प्रशासनाची तोंडओळख.
फळ्यावर मी लिहिते
‘सेवा साठवता येत नाही’
आणि खडू मोडतो.

आज रिकामी राहिलेली हॉटेलातली खोली, मी सांगते,
उद्या दोनदा विकता येत नाही.
रात्र गेली की गेली.
सगळे लिहून घेतात.
परीक्षेला येतं हे.

जागृती मढवी पेन खाली ठेवते.
तिच्या बापाची होडी खाडीत
फ्लेमिंगो दाखवायला माणसं नेते,
भरती असेल तेव्हाच.
आठ सीटा. काल तीन भरल्या,
डिझेल आठांचंच जळलं.

‘मॅडम, आईचे बोंबील उरायचे ना,
ती वलांडीवर टाकायची.
वाळले की पावसाळाभर पुरायचे.
पाच रिकाम्या सीटा
कुठे वाळत घालायच्या?’

वर्ग हसतो. मीही.
मग पुस्तक चाळते :
मागणीचा अंदाज, हंगामी दर,
शेवटच्या क्षणाची सवलत.
बोंबलाइतकं नेमकं
एकाही पानावर काही नाही.

साठ बाकांचा वर्ग, तेहतीस डोकी.
सत्तावीस बाकं रोज
माझ्यासमोर शिळी होतात.

‘पुढच्या तासाला बोलू,’ म्हणते मी.
पुढचा तास मिळाला, तर.
तासिका तत्त्वावर आहे मी,
हे तिला कशाला सांगू?

ती दारात घुटमळते.
‘चार दहाला भरती आहे, मॅडम.
आज सहा बुकिंग आहेत. जाऊ?’

जा, म्हणते.
हजेरी लावून टाकते.