अडीच मिनिटं

चहाच्या पाच खोक्यांत होती ती, साठ वर्षं,
पाटीच्या दगडाच्या छपराखाली,
वर्तमानपत्रांत गुंडाळलेली, ग्रीसमध्ये मुरलेली
लोणच्यासारखी.

सांगाडा नॉर्टनचा, इंजिन ट्रायम्फचं.
दोन्ही घराण्यांचं हाडवैर,
तरी इव्होरने सोयरीक जमवली होती,
मधे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या घालून,
खाणीतल्या लेथवर रात्रपाळीत चोरून कातलेल्या.

मी तेव्हा आठ वर्षांची. माझं काम एकच:
ग्लेनिसच्या कॅफेत ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायचं
आणि सुई टेकली की दारातून रुमाल हलवायचा.
काळ्या पुलाला वळसा मारून
गाणं संपायच्या आत परत.
पैज पेट्रोलच्या टाकीची.
त्याने स्वतः ठोकून ठोकून घडवलेली,
गुडघ्यांसाठी दोन खळगे,
डाव्या खळग्यात हातोडीची एक चूक.

तो आला तेव्हा ज्यूकबॉक्स गप्प होता.
सगळे माझ्याकडे वळले.
इव्होरही. गॉगल कपाळावर, भुवया वर.

"संपलं होतं," मी म्हणाले.
रविवारच्या शाळेत उत्तर देतात तसं,
खणखणीत.

त्याने पाना मागितला. तिथेच टाकी उतरवली,
उरलेलं पेट्रोल बादलीत ओतलं,
टाकी गेथिनच्या हातात ठेवली
आणि गाडी तीन मैल ढकलत नेली.
मी मागून.
तो काहीच बोलला नाही.
एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

आता मी अडुसष्टची.
हल्लीच्या पान्यांना ती दाद देत नाही,
मिलिमीटर म्हटलं की नट फिरवतात पाठ.
तिला जुने विटवर्थच लागतात, ते लिलावात मिळाले,
एका मेलेल्या फिटरच्या पेटीत, त्याच्या चष्म्यासकट.
दोन हिवाळे गेले.
पिस्टनच्या रिंगा, क्लचच्या चकत्या,
खाली वाकलेलं हँडल, मागे सरकवलेले पाय.
या वयात असं ओणवं बसायचं म्हणजे
सतत कुणाची तरी माफी मागितल्यासारखं.

टाकी गेथिनच्या सुनेच्या अंगणात सापडली,
वरून कापलेली, मातीने भरलेली,
त्यात लाल जिरेनियम.
"न्या की," ती म्हणाली, "पण झाडाला कुंडी द्या दुसरी."
मी तीन दिल्या.
वरचा पत्रा नवा वेल्ड केला. सांधा घासून लपवला नाही.
डाव्या खळग्यातली चूक
माझ्या गुडघ्याला बरोबर लागते.

सतरा किका. अठराव्वीला किक उलटली,
पोटरी काळीनिळी.
एकोणिसाव्वीला मागचा पाटीचा डोंगर
एकदम खोकला.

कॅफे आता गालिच्यांचं दुकान आहे.
म्हणून वृद्धाश्रमाच्या फाटकापासून सुरुवात.
रिअनने मोबाइलवर तेच गाणं शोधलं.
इव्होर चाकांच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी,
बोटांत रुमाल.
तो हलवावा लागलाच नाही,
त्याच्या हातात सगळं हलतच असतं हल्ली.

दुसरा गिअर. तिसरा.
हनुवटी टाकीला लागलेली,
कानात वारा नाही, नुसती धातूची थरथर,
दोन्ही बाजूंनी दगडी कुंपणं फाटत गेलेली.
आणि पुलावर मेंढ्या.
अकरा. मी मोजल्या,
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.
शेवटची तर उभी राहून
माझ्याकडे बघतच बसली.

परत आले. रिअनच्या हातातला मोबाइल काळा,
तिची मान खाली.

"वाजत होतं अजून," इव्होर म्हणाला.
"शेवटचं कडवं."

रिअनने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी इंजिन बंद केलं.
एग्झॉस्ट टिकटिकत निवत राहिला.
हेल्मेट मी काढलं नाही बराच वेळ,
पट्टा अडकलाय म्हटलं.