बेडकांची मोजणी

एप्रिलात बर्फ वितळला की इथले बेडूक
रानातून तळ्याकडे निघतात. मधे डांबरी रस्ता.
म्हणून रात्री नऊला आम्ही जमतो,
पिवळी जाकिटं, बादल्या,
आणि वही घेऊन हेल्यू, वय एकोणऐंशी.

तार्तूत येऊन मला सात महिने झाले.
तीन खोकी अजून बंद आहेत,
एकावर माझ्याच अक्षरात लिहिलंय : इतर.
शनिवारी लाकूड कोरायला शिकते.
पहिला चमचा असा वाकडा की त्यात आमटी ठरेना;
हेल्यूनं तो मागून घेतला, मिठाच्या बरणीत घातला.
मिठाला चालतो, म्हणाली.
म्हणजे, तसं म्हणाली असावी.
तिच्या भाषेत विभक्त्या चौदा,
माझ्याकडे शाळेत घोकलेल्या आठच,
आणि इथे आल्यापासून लागते ती फक्त पंचमी :
कुठून? कुठून आलात?
ऊन, हून.

आज एक ट्रक थांबला.
ड्रायव्हरनं काच खाली केली, बादलीत डोकावला
आणि विचारलं, कुठे?
मी तळ्याकडे हात केला, एक शब्द बोलले,
प्रत्यय बहुधा चुकलाच.
त्यानं दिवे मालवले, इंजिन बंद केलं
आणि अंधारात थांबून राहिला.

एक मादी, पाठीवर नराला घेऊन,
माझ्या हातमोज्यावरून उतरायला तयार नव्हती.
थंडगार, बटाट्याएवढी.
पाण्याशी टेकवताच गेली.

एक धरायचा की दोन? मी विचारलं.
हेल्यू हसली, पेन्सिल जिभेला लावली :
एकशे तेरा. एकशे चौदा.